परीक्षेचा पेशंट

पोरगी डॉक्टर झाली तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. ती पुढे फिजिशियन होणार म्हटल्यावर त्या आनंदावर विरजण पडलं. आत्या मुद्दाम दोन गाड्या बदलून चौकशीला आली.

"म्हणजे नक्की कशाची डॉक्टर गं? हाडांची?"

"नाही आत्या."

"मग डोळ्यांची? कान-नाक-घसा?"

"नाही. मेडिसिन. छाती, पोट, रक्त, मूत्रपिंड. आतलं जे जे बिघडतं ते सगळं."

"सगळं म्हणजे कशातलंच धड नाही," आत्याने निकाल देऊन टाकला. "कापाकापी तरी करशील ना?"

कापाकापीही नाही म्हटल्यावर आत्याने भावाकडे अशा नजरेने पाहिलं, की इतकी वर्षं शिकवलंस आणि शेवटी ही नुसत्या गोळ्या लिहून देणार! वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. दिवसभर उलटी अक्षरं वाचून त्यांचे डोळे कायम बारीक झालेले. त्यांनी मुलीला एवढंच विचारलं, "चूक कुठे आहे ते शोधायचं काम ना? मग जमेल तुला." घरात तिच्या बाजूने बोललेलं ते पहिलं आणि बराच काळ शेवटचं वाक्य.

तिला ते जमतही होतं, फक्त वेळ लागायचा. फिजिशियनच्या शिक्षणात पहिलं काय शिकवतात, तर पेशंटला बोलू द्यायचं. मग बघायचं, मग हात लावायचा, मग बोटांनी ठोकून बघायचं, आणि सगळ्यात शेवटी कानाला नळी लावायची. शिकवतात सगळ्यांना, पाळत कोणी नाही, कारण वॉर्डात तीस खाटा आणि त्यांवर व त्यांच्यामध्ये मिळून पन्नास माणसं. ही मात्र पाळायची. खाटेच्या कडेला बसून "हं, मग?" असं विचारायची आणि पेशंट थेट सुनेच्या स्वभावापर्यंत जाऊन परत येईस्तोवर ऐकायची. बरोबरच्यांनी तिचं नावच ‘सावकाश’ ठेवलं. "सावकाश कुठेय?" "सावकाश येतेय सावकाश." असले विनोद तीन वर्षं चालले. तिला राग यायचा, पण मनातून थोडा अभिमानही वाटायचा, आणि तो तिने कोणाला कधी सांगितला नाही.

शेवटच्या परीक्षेत या सावकाशीनेच तिचा घात केला. त्या परीक्षेत ‘लाँग केस’ नावाचा प्रकार असतो. एक खराखुरा पेशंट, पाऊण तास, आणि मग परीक्षकांसमोर त्याची सगळी कुंडली मांडायची: काय होतंय, का होतंय, पुढे काय करायचं. तिच्या वाट्याला सुजलेल्या चेहऱ्याची एक म्हातारी आली. म्हातारी बोलत राहिली, ही ऐकत राहिली. घंटा झाली तेव्हा हिची चार पानं भरली होती आणि पोट तपासायचं राहिलं होतं.

"निदान काय?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, अजून पोटाला हात लावलेला नाही."

"मग आता आम्ही लावायचा का?"

झाली नापास. तिच्या युनिटचे प्रमुख, ज्यांना सगळं हॉस्पिटल नुसतं ‘सर’ म्हणायचं, त्यांनी तिला खोलीत बोलावलं. सर वाईट नव्हते. पोरांवर जीव होता त्यांचा, पण निकालावर त्याहून जास्त. "हे बघ," ते म्हणाले, "वॉर्डात तू चांगली आहेस. परीक्षा ही वेगळी विद्या आहे. सहा महिन्यांनी परत बस, आणि यावेळी घड्याळ बघ." तिने तेव्हाच कानाला खडा लावला. पुढचे सहा महिने तिने घड्याळ समोर ठेवून पेशंट तपासले. माणूस इकडेतिकडे बोलायला लागला की "बरं, ते राहू दे, दम कधीपासून लागतो?" असं म्हणायला शिकली. पहिल्या वेळी म्हणताना तिची जीभ अडखळली. विसाव्या वेळी अडखळली नाही.

दुसऱ्या खेपेला लाँग केसच्या खाटेवर एक चौतिशीचा किडकिडीत माणूस बसला होता. नखांच्या कडांना निळा रंग. गाल मात्र भलतेच लाल, जणू आत्ताच कोणी कौतुक केलंय. तिने विचारायला तोंड उघडलं, तर तोच दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, मला डाव्या कुशीवर वळवा. आणि त्या नळीची छोटी वाटी लावा, मोठी चकती नको. हलक्या हाताने लावा. बारीक घरघर येईल. झडप आकसलीय माझी."

ती बघतच राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मागच्या परीक्षेला सात जण येऊन गेले. त्यातल्या पाच जणांना सापडली नाही. मला वाईट वाटतं हो, एवढी शिकलेली पोरं."

आता हे सगळ्यांना ठाऊक असलेलं, पण कोणी उघडपणे न बोलणारं गुपित. परीक्षेसाठी पेशंट लागतात, आणि ते असे लागतात की रोग जुना हवा, खूण ठळक हवी, आणि माणूस तीन दिवस खाटेवर बसून दहा जणांकडून तपासून घेण्याइतका धडधाकट हवा. अशी माणसं सहज मिळत नाहीत. मिळाली की विभाग त्यांचे पत्ते जपून ठेवतो, दर वर्षी बोलावतो, चांगली खाट देतो, येण्याजाण्याची सोय करतो. ही माणसं हळूहळू स्वतःच्या रोगात पारंगत होतात आणि घाबरलेल्या पोरांना कुजबुजून उत्तर सांगतात.

तिने त्याला डाव्या कुशीवर वळवलं. छोटी वाटी टेकवली आणि डोळे मिटले. ठोक्यांच्या मधल्या जागेत लांबवर एक जड, खरखरीत गुरगुर होती. कानाने ऐकली म्हणण्यापेक्षा जाणवली. इतकी स्वच्छ तिने आधी कधी ऐकली नव्हती, आणि तिला खरंच आनंद झाला. लपवायचं कशाला? त्या क्षणी तिला माणूस दिसत नव्हता, पास झालेली स्वतः दिसत होती.

निकालानंतर ती त्याला भेटायला वॉर्डात गेली. तो घरी निघायच्या तयारीत पिशवी भरत होता. पाट्या रंगवायचा तो: दुकानांच्या, शाळांच्या, वकिलांच्या. त्यामुळे सगळे त्याला पेंटर म्हणायचे. लहानपणी सांधे सुजून मोठा ताप आला होता, त्या तापाने हृदयातली एक झडप आकसवली. पूर्वी तो शिडीवर एका दमात चढायचा, आता मध्ये दोनदा थांबावं लागायचं. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी.

"पास झाले मी," ती म्हणाली.

"होणारच. तुम्ही आवाज ऐकलात ना नीट? माझ्या सांगण्यावर नाही लिहिलंत?"

"ऐकला. शपथ."

तो हसला. मग पिशवीची दोरी ओढत म्हणाला, "ताई, एक विचारू? इथे येणारा प्रत्येक जण मला काय झालंय ते सांगतो. मी बरा कसा होणार ते कोणी सांगत नाही."

"ऑपरेशनने," ती ताबडतोब म्हणाली. "झडप मोकळी करतात, नाहीतर बदलतात. तुमचं वय कमी आहे, फुप्फुसं चांगली आहेत. शिडीवर पळत चढाल. मी करवून घेते, पेंटरदादा. माझ्यावर सोडा."

त्याने खरंच तिच्यावर सोडलं. बिचाऱ्याने दुसऱ्या कोणाला कधी विचारलंच नाही.

तिने काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच विभागात तिला लेक्चररची नोकरी मिळाली. पहिल्या महिन्यातच तिने पेंटरचा इको काढवला, हृदयाच्या सर्जनला चिठ्ठी लिहिली, त्यांच्या यादीत नाव घातलं. आठ महिन्यांनी तारीख आली. ती नेमकी परीक्षेच्या आठवडाभर आधीची निघाली.

ती सरांकडे गेली. सर परीक्षेच्या पेशंटांची यादी करत बसले होते. "पेंटरला?" त्यांनी चष्मा वर केला. "अगं, झडप बदलली की आवाज गेला. मग बाहेरच्या परीक्षकांना काय ऐकवू, माझं घोरणं?"

खोलीतले सगळे हसले. तीही हसली.

हे हसणं पुढे तिला फार वर्षांनी आठवलं, पण त्या दिवशी त्यात काही वावगं वाटलं नाही. सर लगेच म्हणाले होते ना, की "परीक्षा होऊ दे, मग पाठव. दोन-तीन महिन्यांनी काय फरक पडतो?" आणि खरंच, दोन-तीन महिन्यांनी फरक पडत नाही. फिजिशियनला हे पाठ असतं: हा रोग सावकाश चालतो. वर्षांचा हिशेब करायचा, महिन्यांचा नाही. पेंटरलाही घाई नव्हती. लघवीच्या गोळीने दम कमी झाला होता, आणि एका मोठ्या शाळेच्या सगळ्या वर्गांच्या पाट्या त्याला मिळाल्या होत्या. "होऊ दे ताई परीक्षा," तो म्हणाला. "माझ्यामुळे पोरं अडायला नकोत."

परीक्षा झाली. तारीख गेली. नवी तारीख मागायची तर नवी चिठ्ठी हवी होती, आणि चिठ्ठी लिहायची त्या दिवसांत तिचं लग्न ठरलं. मग मुलगी झाली, सुट्टी झाली, परत येऊन बघते तो वॉर्डात डेंग्यूची साथ. सर निवृत्त झाले. तिला बढती मिळाली आणि बढतीबरोबर परीक्षेचं सगळं काम तिच्या गळ्यात पडलं: पेशंट जमवणं, खाटा लावणं, बाहेरच्या परीक्षकांची सरबराई, गुणपत्रकं. एकेकाळची सावकाश आता इतक्या झपाट्याने राउंड घ्यायची की मागच्या पोरांना पळावं लागायचं. पोरांनी तिचं नाव ‘एक्स्प्रेस’ ठेवलं होतं. जुनं नाव त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

नवरा शाळेत गणित शिकवायचा. कधीतरी जेवताना विचारायचा, "तुझ्या त्या पेंटरचं काय झालं गं? ऑपरेशन?"

"होईल. यादीत आहे."

यादीत तो नव्हता. पण ती खोटं बोलत होती असंही नाही. तिला मनापासून वाटत होतं की कुठल्यातरी यादीत तो असेलच.

अकरा वर्षं पेंटर येत राहिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला फोन जायचा, धुतलेला शर्ट घालून तो हजर व्हायचा, शिपायापासून सिस्टरपर्यंत सगळ्यांची विचारपूस करायचा आणि खाट नंबर नऊवर मांडी घालून बसायचा. "पन्नासाच्या वर डॉक्टर पास केलेत मी," असं नव्या पेशंटांना सांगायचा, आणि ते खरं होतं. तिला बघितलं की "ताई, यंदा किती जणं?" म्हणून विचारायचा. ती "सहा" किंवा "आठ" म्हणायची आणि पुढे जायची. मधल्या वर्षभरात तो ओपीडीत गोळ्या न्यायला यायचा. तिथे दर खेपेला नवा पोरगा बसलेला असायचा. तो कार्ड उघडायचा, वरच्या ओळीत मोठ्या प्राध्यापकांचा शिक्का बघायचा, हा तर विभागाचा खास पेशंट म्हणून निर्धास्त व्हायचा आणि खाली लिहायचा: ‘तीच औषधं चालू.’ कार्डं भरली, नवी झाली, त्यांच्यावरही तेच. परीक्षेच्या फायलीत तर अजून तिने काढवलेला पहिलाच इको होता. दर वर्षी त्याची झेरॉक्स निघायची, आणि मग झेरॉक्सची झेरॉक्स. आकडे पुसट झाले होते, पण उत्तर सगळ्यांना माहीत असल्यामुळे वाचायची गरज कोणाला पडत नव्हती.

अकराव्या वर्षी पेंटर दोन उशा मागून बसला. सिस्टरने दिल्या. मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय खाली सोडले होते. सकाळच्या घाईत तिने लांबूनच हात केला.

पहिल्या पाच पोरांनी केस व्यवस्थित मांडली. झडप अरुंद, घरघर डाव्या कुशीवर स्पष्ट. दोघांनी तर अशी रंगवून सांगितली की बाहेरचे परीक्षक खूश झाले. सहावी एक अबोल मुलगी होती. कागद हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मला घरघर ऐकू आली नाही."

बाहेरच्या परीक्षकांनी भुवया उंचावल्या. "कुशीवर वळवलंत?"

"हो सर. वळवलं, छोटी वाटी लावली, श्वास सोडायला सांगितला. तीनदा. नाही आली. पण नाडी अनियमित आहे. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेत, पोटात पाणी आहे, मानेची शीर कानापर्यंत फुगलीय. निदान मला सांगता येत नाही. पण सर, यांना परीक्षेला बसवायला नको होतं. यांना ॲडमिट करायला हवं."

"ते ॲडमिटच आहेत," परीक्षक म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर हसले. मग शेजारी परीक्षक म्हणून बसलेल्या तिच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले की तुमच्याकडच्या पोरांना आधी नळी कुठून धरायची ते शिकवा.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी तिच्या युनिटची होती. "पाच जणांना ऐकू येतं आणि तुला येत नाही?" ती म्हणाली. आवाज चढला होता. "ही केस इथल्या झाडूवाल्यालाही येते." गुणपत्रकावर दोघांनी आकडा टाकला, दोघांनी सह्या केल्या, पाकीट लाखेने बंद झालं.

दुपारी परीक्षक जेवायला गेले. ती खाटांवरून निघाली तसा पेंटरने हात केला. बोलताना मध्ये मध्ये थांबत होता.

"ताई, त्या शेवटच्या पोरीला मी सांगितलं होतं हो सगळं. नेहमीसारखं. तर म्हणाली, काका, मला आलं नाही ते मी कसं लिहू? नापास केलंत का तिला?"

"ते तुम्ही नका बघू, पेंटरदादा."

"नाही, पण मला घोर लागलाय. पोर खोटं बोलणारी वाटत नाही. आवाज बंद तर नाही झाला माझा? तुम्ही एकदा ऐकता का? तुमचे कान चांगले आहेत."

अकरा वर्षांत तिने त्याला नळी लावली नव्हती. लावायची कशाला, काय आहे ते माहीत होतं. ती आता खाटेच्या कडेला बसली. त्याला डाव्या कुशीवर वळवायला गेली तर त्याला आडवं होता येईना. तिने त्याला तसंच तिरकं धरलं, छोटी वाटी टेकवली, डोळे मिटले.

घरघर नव्हती. मन लावून, श्वास रोखून ऐकलं, तरी नव्हती. वेडेवाकडे पडणारे ठोके होते आणि मधल्या जागेत शांतता.

याचा अर्थ तिला माहीत होता. वर्गात तिनेच दर वर्षी शिकवलेला होता. झडप इतकी बंद होते, तिच्यामागे फुप्फुसांत दाब इतका चढतो, की पलीकडे रक्तच पुरेसं जात नाही, आणि जाणारं रक्तच नसेल तर आवाज कुठून येणार? रोग बरा झाला की आवाज जातो, आणि रोग हाताबाहेर गेला तरी जातो. पाच हुशार पोरांनी नसलेला आवाज ऐकला होता, कारण तो तिथे असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिने जे नव्हतं ते नाही म्हटलं, तिला तिने नापास केलं होतं.

त्याच दुपारी नवा इको झाला. हृदयाचा सर्जन जुना ओळखीचा होता. त्याने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "फुप्फुसातला दाब बघ. उजवी बाजू पार गेलीय. लिव्हरही. हा टेबलवरच जाईल गं. कोणाचा पेशंट हा?"

"आमचा."

"आमचा म्हणजे कोणाचा?"

तिला सांगता येईना. उभ्या आयुष्यात तिला कोणत्याही तोंडी परीक्षेत एवढा सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पेंटर विभागाचा होता. सगळ्यांचा होता. आत्या बोलली होती तसंच झालं होतं, सगळं म्हणजे कशातलंच धड नाही.

"चार-पाच वर्षांपूर्वी का नाही पाठवलास?" सर्जन म्हणाला. टोमणा नव्हता, नुसतं विचारत होता. "तेव्हा सोपं होतं."

ती विभागात परत आली आणि कपाटातून परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. का काढल्या ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित कुठेतरी कोणाची तरी चूक सापडेल, जिच्यावर बोट ठेवता येईल, अशी आशा असेल. फायलीत दर वर्षीच्या लाँग केसेस लावून ठेवलेल्या होत्या. ती जमिनीवर बसून एकेक वाचत गेली. नाव, वय, धंदा पाटी रंगवणे. शिडीवर चढताना दम लागतो. पुढच्या वर्षी: शिडीच्या मध्यावर दम लागतो. मग: शिडी सोडली, खाली बसून काम करतो. मग: जिना चढताना. मग: सपाटीवर चालताना. मग: बसून झोपतो. पेंटरने एकाही वर्षी काही लपवलं नव्हतं. पोरांनी सगळं इमानेइतबारे लिहून घेतलं होतं, कोणी सुंदर अक्षरात, कोणी घाईत. आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर ‘पुढील उपचार’ या मथळ्याखाली थोड्याफार फरकाने तेच वाक्य होतं: रुग्णाला विलंब न करता झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी पाठवावे. उत्तर बरोबर होतं. त्याला पूर्ण गुण होते. गेल्या सात वर्षांच्या पानांवर त्या वाक्यासमोरची लाल खूण तिच्या स्वतःच्या हाताची होती.

ती रडली. तोंडावर पाणी मारून आली आणि आधी विद्यापीठाला अर्ज लिहायला बसली, की सहाव्या उमेदवाराचे गुण बदलावेत, चूक माझी आहे. त्याचं उत्तर पुढे तीन ओळींत आलं: सीलबंद गुणपत्रकात बदल करता येत नाही. मुलीने सहा महिने थांबायला नकार दिला आणि कुठल्याशा छोट्या दवाखान्यात नोकरी धरली. तिच्यासारखा फिजिशियन पुन्हा त्या विभागाला मिळाला नाही, हे सांगायला कोणी परीक्षक नको.

मग ती पेंटरकडे गेली. संध्याकाळच्या भेटीची वेळ होती. त्याची मुलगी, आता तेरा वर्षांची, खाली औषधं आणायला गेली होती. बायको कामावरून यायची होती. पेंटर उशांना टेकून खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी बघत होता.

"त्या पाटीचं अक्षर बघा," तो म्हणाला. "मशीनवर छापलेलं. जीव नाही त्यात." मग तिच्याकडे बघून, "काय झालं ताई? बंदच झाला ना आवाज?"

"हो."

"म्हणजे आता तुमच्या परीक्षेला मी बाद."

ती खाटेच्या कडेला बसली. सांगायची एक पद्धत असते, तीही तिने शिकवली होती: आधी काय माहीत आहे ते विचारा, मग थोडं थोडं सांगा, मध्ये थांबा. तिने त्यातलं काही केलं नाही. झडप पार बंद होत आलीय म्हणाली. फुप्फुसांवर ताण आलाय. आता ऑपरेशन करता येणार नाही. औषधांनी सूज कमी करू, दम कमी करू. किती दिवस ते सांगता येत नाही, पण वर्ष नाही.

पेंटर ऐकत होता. मध्ये एकदा त्याने मान हलवली, दुकानदाराकडून पाटीचा मजकूर समजून घेताना हलवत असेल तशी.

"आधी झालं असतं का, ताई?"

याचंही ठरलेलं उत्तर असतं. तेव्हाही धोका होताच, नक्की काही सांगता येत नाही, स्वतःला दोष देऊ नका. हजारो नातेवाइकांना तिने ते दिलं होतं.

"झालं असतं," ती म्हणाली.

"किती आधी?"

"चार वर्षं. पाच वर्षं. त्याआधी कधीही."

पेंटरच्या चेहऱ्यावर राग आला नाही. राग आला असता तर तिने तो आनंदाने सोसला असता. तो नुसता गोंधळला, हिशेब न लागलेल्या माणसासारखा, आणि शब्दाशब्दाला श्वास घेत म्हणाला,

"पण ताई, तेव्हा तर मी इथेच होतो की. दर वर्षी. तुमच्यासमोर."